मंगळवारचा डाग

१

बुधवारी सकाळी गाडीखाली पुन्हा तेल दिसलं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, तळहाताएवढा डाग. आमची तांबडी कोंबडी तिथंच चोच मारत होती. तिला पायानं हुसकलं आणि नुसती उभी राहिले. वाकून बघायचं मनात येईना.

गाडी माझ्या मुलाची, यॉची. जुनी प्यूजो, चारी कोपरे टॅक्सीच्या पिवळ्या रंगाचे. यॉ गेला तेव्हा ती ऑफिन्सोच्या रस्त्यावरून ट्रकवर घालून आणली. मेलेल्याच्या जागी बसायला कोणी धजेना, म्हणून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवत आणि मागून ढकलत अंगणात उभी केली. त्यानंतर तिचं दार कोणी उघडलं नव्हतं. किल्ली माझ्या कमरेच्या गाठीत होती.

त्या रस्त्यावर काय झालं ते पाहिलेला एकही माणूस पुढं आला नाही. उतारावर गाडी उभी, तिच्या शेजारी यॉ पडलेला, हातात तेलाची चिंधी, छाती चेचलेली. गाडीखाली बघायला उतरला असताना कुठली तरी लॉरी अंगावरून गेली, असं पोलिसांनी लिहून घेतलं. बाकीचं आमच्या वस्तीनं लिहिलं. गाडीखाली बघायला का उतरला? तेल गळत होतं म्हणून. तेल का गळत होतं? इंजिनचं सील नुकतंच वस्ताद आडारेनं बदललं होतं म्हणून. म्हणजे मारलं आडारेनं.

हे तोंडानं पहिल्यांदा मीच म्हणाले. सुतकाचं लाल-काळं नेसून, सगळ्या पाहुण्यांसमोर.

मॅगझिन म्हणजे आमची कुमासीतली गॅरेजांची वस्ती. तिथं मी सुटं तेल विकते, ड्रममधून. शाळेत गेले ती नाव लिहायला शिकण्यापुरती. पण बड्या बड्या फिटरांनी माझ्या ओट्यावर टोप्या काढल्यात, आणि सगळे मला एना म्हणतात, आई. माझी दुफी तर त्या ड्रमांच्या मधेच जन्मली. मंगळवारची गर्दी, सुईण येईपर्यंत कोण थांबतंय. गिऱ्हाइकाला म्हटलं, नळी धर जरा, आणि मागं जाऊन मोकळी झाले. तर अशा बाईचा शब्द तिथं चालतो. पुढच्या गुरुवारी पंच बसणार होते. आडारेची शेड काढून घ्यायची की ठेवायची, एवढंच ठरायचं होतं. आणि ठरायचं म्हणजे मी काय बोलते ते ऐकायचं होतं.

गाडी बंद राहूनसुद्धा तेल टाकतेय, हे कळल्यावर शेजारीपाजारी येऊन बघून जायला लागले. बघा एना, अजून गळतंय, म्हणायचे. मला त्याचं बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. यॉ गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं. भात खाल्ला की पोट भरायचं, एवढंच कळायचं.

त्याच सकाळी फाटकात आडारे येऊन उभा राहिला. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला माणूस. चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "एना, एकदा मला गाडीखाली जाऊ द्या. गळती माझी निघाली तर पंचांना कशाला तोंड उघडायला लावू? मीच शेड सोडतो."

मी कमरेची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या पुढ्यात टाकली.

२

आडारे बॉनेटची कळ ओढायला गाडीत शिरला आणि त्याचा गुडघा स्टिअरिंगवर आपटला. तोंडातल्या तोंडात काही बोलला, सीट मागं सरकवली, मग बसला. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. तेव्हा मी पुष्कळ गोष्टी पाहून सोडून देत होते.

गाडी जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले. तो पाठीवर सरपटत आत गेला. मी स्टूल घेऊन बसले. त्यानं पळून जाऊ नये म्हणून नाही. दुसरं काही काम नव्हतं.

खालून तो सांगत होता आणि मी ऐकत होते, जसं काही मला ठाऊकच नाही. तेल जिथं टपकतं तिथं गळती नसते. वरून कुठून तरी निघतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, वाऱ्यानं मागं जातं आणि सगळ्यांत खालच्या बोल्टला लटकतं. म्हणून ओलं सगळ्यांत वर कुठं आहे ते बघायचं. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. तुझ्या वस्तादाला मीच शिकवलं होतं." तो आतून हळूच म्हणाला, "वस्ताद पण असंच म्हणायचे. तुम्ही नसताना."

इंजिनखालचा तेलाचा चेंबर कोरडा निघाला. सीलच्या भोवती बोट फिरवून त्यानं बाहेर काढून दाखवलं, नुसती धूळ. ओलं होतं ते पार वर, तेल ओतायच्या टोपणाभोवती, आणि तेसुद्धा जुनं, चिकट झालेलं. एक ओघळ तिथून एक्झॉस्टच्या पाइपापर्यंत गेलेला, पाइपावर जळून काळा झालेला.

"ही गळती नव्हे, एना. कोणी तरी नरसाळ्याशिवाय तेल ओतलंय. सांडलंय ते. गरम पाइपावर पडलं की वास येतो, धूर येतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी पेटली."

मी म्हटलं, हे तू म्हणणारच. शेड तुझी आहे.

त्यानं घासलेट आणि ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलं, वाळू दिलं आणि माझ्याकडं पावडर मागितली. अंगाला लावायची, पांढरी. दुफीच्या खोलीतून डबा आणून दिला. त्यानं सगळ्या इंजिनला खालून पावडर फासली, चेंबर, गिअरबॉक्स, सगळं. आमच्याकडं बारशाला बाळंतिणीला फासतात तशी. थेंबभर जरी तेल निघालं तरी पांढऱ्यावर काळी रेघ उमटणार होती. मग इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं, बंद केलं, गाडी ठोकळ्यांवरून उतरवून जागच्या जागी उभी केली आणि खाली खोक्याचा पुठ्ठा अंथरला.

"आता पंच बसेपर्यंत हात लावू नका," म्हणाला. जाताना किल्ली परत दिली.

मी तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल वरच्या खुणेला होतं. जी गाडी इतके दिवस गळते तिचं तेल वरच्या खुणेला कसं?

३

नरसाळ्याशिवाय तेल ओतणारा एकच माणूस होता, क्वाबेना. यॉला सुट्टी असली की हाच गाडी चालवायचा. ताडासारखा उंच, बसला की डोकं छताला लागायचं. टॅक्सीच्या स्टेशनात दुसऱ्याची गाडी धरून बसला होता. मला बघून उतरला आणि आधी नमस्कार केला, मग म्हणाला, "एना, मला धरायला आलात की तेल विकायला?"

मी म्हटलं, तुझ्यासारख्याला तेल विकून मी ड्रम कशाला बाटवू.

सांडलेलं तेल त्यानं लगेच कबूल केलं. यॉच्या शेवटच्या सकाळी त्यानंच ओतलं होतं, घाईत, डब्यातून थेट. यॉ ओरडलासुद्धा होता. मग मी विचारलं की त्या दिवशी दुपारी तू कुठं होतास. तर म्हणाला चर्चमध्ये, उपास आणि प्रार्थना, संध्याकाळपर्यंत. हे खोटं असायला जागा नव्हती. त्या दिवशी त्याचं रडणं लाउडस्पीकरवरून माझ्या ओट्यापर्यंत आलं होतं. गिऱ्हाइकाला मीच म्हटलं होतं, या मेल्यानं एवढी पापं केली तरी कधी.

त्याचं चर्च फार कडक. सगळं जुनं म्हणजे सैतानाचं. आमच्यात वार आधी, नाव मागून. गुरुवारचा म्हणून यॉ, मंगळवारचा म्हणून क्वाबेना. मोठ्या दुखण्यातून किंवा अपघातातून माणूस वाचला की त्याच्या त्याच्या वाराला एटो करतात, उकडलेलं कोनफळ कुस्करून त्यात तांबडं पामतेल आणि वर अंडं, म्हणजे घाबरलेला जीव परत अंगात बसतो. हा एकदा टायफॉइडमधून उठला तेव्हा त्याच्या आईनं मंगळवारी एटो केला. यानं तो ताटासकट बाहेर ठेवला. ती बाई माझ्याकडं येऊन रडली होती.

निघताना तो म्हणाला, "आडारे वस्तादाला जाऊ द्या, एना. चांगला माणूस आहे."

मी म्हटलं, "चांगल्या माणसानं माझा मुलगा परत आणून दिला तर जाऊ देते."

घरी आले तर दुफी अंगणात बसली होती, गाडीकडं पाठ करून. तीही तेच म्हणाली.

४

दुफी माझी धाकटी. यॉच्या खांद्याला लागायची. ज्या दिवशी यॉ गेला त्या दिवशी ती वेण्या घालायला गेली होती, असं तिनं सांगितलं होतं. लगेच सुतक आलं आणि आम्ही सगळ्यांनी डोकी भादरली, त्यामुळं वेण्या कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. पूर्वी ती बोलायला लागली की मलासुद्धा ऐकून घ्यावं लागायचं. आता ड्रमपाशी बसायची, पैसे घ्यायची, सुटे द्यायची, आणि माशी हाकलायलासुद्धा हात उचलायची नाही. मी मनात म्हणायचे, भाऊ गेलाय. मी तरी कुठं हाकलते.

ती म्हणाली, "आई, आडारेला सोड. त्यानं काही केलेलं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"तो नीट काम करतो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुठ्ठा मी रोज बघत होते. गुरुवारी कोरडा. शुक्रवारी, शनिवारी कोरडा. रविवारी कोंबडीनं घाण केली, तेवढीच. सोमवारी, मंगळवारी सकाळीसुद्धा कोरडा. शेजारीण म्हणाली, गळायची थांबली वाटतं, दुःख सरलं असेल गाडीचं. मी म्हटलं, तुझं तोंड कधी गळायचं थांबणार.

बुधवारी सकाळी पुठ्ठ्यावर डाग होता. पुढच्या डाव्या चाकापाशी, तस्साच. पुठ्ठ्यानं तेल पिऊन कड तांबूस केली होती.

आडारेला निरोप धाडला. तो आला, आडवा झाला, बॅटरी मारून आत बघितलं आणि पुन्हा पुन्हा तीच बॅटरी फिरवत राहिला. मला वाटलं संपलं याचं. मग म्हणाला, "एना, तुम्हीच बघा. नाहीतर म्हणाल मी खोटं बोलतो."

माझ्या वयाची बाई गाडीखाली शिरते हे बघायला शेजारीण कुंपणावर चढली. चढू दे. मी पाठीवर झोपले आणि वर बघितलं. चेंबर पांढरा होता. गिअरबॉक्स पांढरा. एक रेघ नाही, एक थेंब नाही, पावडर फासली तशीच्या तशी.

गाडीतून तेल आलेलंच नव्हतं. तरी ते खाली होतं.

५

आडारेला मी घरी पाठवलं. उद्या पंचांसमोर ये, म्हटलं. दुसरं काही सांगितलं नाही.

मग पुठ्ठा उचलून ओसरीत घेऊन बसले. मुंग्या लागल्या होत्या, एका रांगेत. जन्मभर मी तेलात बसले. इंजिनच्या तेलाला कधी मुंगी लागलेली बघितली नाही. कोंबडीही त्याच्या वाटेला जात नाही. आणि ही कोंबडी दर बुधवारी तिथंच चोच मारत होती, माझ्या डोळ्यांदेखत. पण मॅगझिनमधल्या माणसाला गाडीखाली काहीही तेलकट दिसलं की तो गळतीच म्हणतो. दुसरं नावच आम्हाला सुचत नाही.

बोट लावलं, वास घेतला, मग जिभेवर ठेवलं. पामतेल. बोटाला एक पिवळा कण लागला, उकडलेल्या बलकाचा. कोनफळाचा चिकटा पुठ्ठ्यात रुतला होता. एटो होता. मीठ नव्हतं. माणसासाठी करतात त्यात मीठ असतं. जे डोळ्यांना दिसत नाहीत त्यांना देतात ते अळणी.

कोणी तरी दर मंगळवारी या गाडीला जेवू घालत होतं. बाकीच्या अंगाला नाही, इंजिनला नाही. त्या एका चाकाला.

एटो वाचलेल्या माणसाचा असतो आणि वार त्याचा स्वतःचा. म्हणजे यॉ एकटा नव्हता. गाडीत आणखी कोणी होतं, मंगळवारचं, आणि ते वाचलं. आडारे क्वासी, रविवारचा. क्वाबेना मंगळवारचा, पण तो त्या दुपारी लाउडस्पीकरवर होता आणि एटोला हात लावायचा नाही. शिवाय तो ताडाएवढा.

तिथं मला आडारेचा गुडघा आठवला. यॉ उंच. क्वाबेना त्याहून उंच. गाडी ट्रकवर आली, आतमध्ये कोणी बसलं नाही, किल्ली माझ्या गाठीत. आणि सीट पुढं सरकवलेली. शेवटी जो चालवायला बसला होता, त्याचे पाय आखूड होते.

माझ्या आईचं नाव दुफी. तेच नाव मी मुलीला दिलं, आणि सगळी दुनिया तिला त्याच नावानं हाक मारते. वाराचं नाव कोणाला माहीत नाही. मला आहे. ड्रमांच्या मागं मीच तिला बाहेर काढलं. आबेना. मंगळवारची.

छातीत काही हललं नाही. उठून मागल्या दारी गेले. मातीचा खलाचा वाडगा धुऊन पालथा घातलेला होता. उलटा केला. खोलवरच्या रेघांत तांबडं बसलं होतं. पामतेल घासून जात नाही.

६

ती ओट्यावरून दुपारी जेवायला आली. मी पुठ्ठा तिच्या ताटाशेजारी ठेवला.

तिनं बघितलं. हात धुतले नाहीत, बसली नाही. मग म्हणाली, "त्याला भूक लागते, आई. चाकाला. मी नाही दिलं तर ते परत येईल असं वाटतं."

पुढचं तिनं भिंतीकडं बघून सांगितलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. यॉ तिला गाडी शिकवत होता, मला न सांगता. मी नको म्हटलं असतं म्हणून. ऑफिन्सोच्या उतारावर ती चालवत होती. धूर आला, जळका वास आला. तीच म्हणाली, दादा, तेल गळतंय, बघ. त्यानं गाडी थांबवायला लावली. हँडब्रेक ढिला होता, म्हणून म्हणाला, पायानं ब्रेक दाबून धर, सोडू नकोस. आणि चिंधी घेऊन पुढच्या चाकापाशी खाली शिरला. त्याच वेळी मागून लाकडांची लॉरी आली, अगदी चिकटून, आणि कानाशी हॉर्न दिला. ती दचकली. पाय सुटला.

"किती वेळ सुटला?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"लगेच परत दाबला, आई."

तिनं इंजिन बंद करून गिअर टाकला, त्याला बाहेर ओढलं, हाका मारल्या, मग समोरून माणसं येताना दिसली आणि ती गवतातून पळाली. लॉरीनं मारलं असं सगळे म्हणायला लागले. त्यानंतर आडारेनं मारलं असं मी म्हणाले. तेव्हा तर तिला तोंडच उघडवेना. तिनं एवढंच ठरवलं होतं की पंचांनी शेड काढून घेतली तर आपण नदीकडं जायचं.

यॉला खाली उतरवलं ते वरून सांडलेल्या तेलानं. गळती नव्हतीच. सगळे गळती शोधत बसलो.

मी म्हटलं, "जेव."

ती जेवली नाही. मीही नाही.

७

गुरुवार यॉचा वार. पंच माझ्याच ओट्यासमोर बसले. मी लाल-काळं नेसले होते, दुफीचं मनगट माझ्या हातात होतं. अध्यक्षांनी पाणी दिलं, चौकशी केली आणि म्हणाले, एना टिवा, तुमचं बोलणं झालं की आम्ही उठू.

आडारे बाकाच्या टोकाला बसला होता. अवजारांची पेटी बांधून बरोबर आणली होती. म्हणजे निघायच्या तयारीनं.

मी सगळं सांगितलं. पावडर, पुठ्ठा, मुंग्या, सीट, वार. आवाज चढवला नाही. दुफीचं नाव आलं तेव्हा मागून कोणी तरी हुंकार दिला. मी थांबले, त्याच्याकडं वळून म्हणाले, "ज्याला काही म्हणायचंय त्यानं पुढं येऊन म्हणावं. माझी मुलगी इथंच उभी आहे." कोणी आलं नाही. मग दुफी स्वतः बोलली, फार थोडं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोलिसांकडं तिचे मामा तिला घेऊन जातील आणि लिहिलेलं बदलून घेतील, असं ठरलं. पुढं काय व्हायचं ते होईल.

मग मी पावडरचा डबा काढला. गाडीला फासून उरलेला, तोच. आमच्याकडं खटल्यातून निर्दोष सुटलेल्याला पांढरं फासतात, मानेला, खांद्यांना, दंडांना, म्हणजे बाजारातून चालत गेला तरी कोणाला विचारावं लागत नाही. हे त्याच्या घरची माणसं करतात. दोष ठेवणारी बाई करत नाही. तसं मी कधी बघितलेलं नाही.

मी आडारेसमोर उभी राहिले. तो उठायला लागला, मी म्हटलं बस. मानेला लावली, मग दंडांना. त्याच्या कातडीतल्या तेलावर पावडर चांगली बसली. तो खाली मान घालून होता. म्हणाला, "एना, पुरे."

मी म्हटलं, "डबा संपेपर्यंत पुरे नाही."

पेटी उचलून तो आपल्या शेडकडं गेला, भर दुपारी, पांढरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फिटर हातातलं काम ठेवून बघत होते.

पुढल्या मंगळवारी मी पहाटे उठून कोनफळ उकडलं. खलाच्या वाडग्यात कुस्करलं, पामतेल घातलं, अंडं सोलून वर ठेवलं. दुफी दारात येऊन उभी राहिली आणि गाडीकडं बघायला लागली.

"तिला नाही," मी म्हटलं. "बस इथं."

मीठ घेतलं, चिमटीनं घातलं, कालवलं, आणि पहिला घास तिच्या तोंडापाशी धरला. खूप वेळ ती तोंड उघडेना. माझा हात अवघडला. मी तो खाली घेतला नाही.